सर सय्यद अहमद खान : श्रद्धा आणि शहानिशा

सर सय्यद अहमद खान यांची तसबीर तुम्ही कधी पाहिली नाही असे होणे कठीण. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, डोक्यावर तुर्की टोपी, अंगावर लांब कोट. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांतून १७ ऑक्टोबरला त्यांच्या नावाने सभा होतात आणि वक्ते सांगतात की त्यांनी अलिगढचे कॉलेज काढले व मुसलमानांना इंग्रजी शिक्षणाकडे वळविले. हे सर्व खरे आहे. परंतु ज्या एका गोष्टीपायी त्यांनी आयुष्यात सर्वांत अधिक शिव्या खाल्ल्या, ती गोष्ट ह्या सभांतून सहसा कोणी काढीत नाही. धर्माच्या बाबतीत अकलेला काही अधिकार आहे की नाही, आणि पूर्वजांकडून ऐकलेली प्रत्येक गोष्ट मान्य करण्यापूर्वी तिचा पुरावा मागावा की नाही, ह्या प्रश्नांशी सर सय्यद तीस-पस्तीस वर्षे झुंजत होते. कॉलेज त्या झुंजीतूनच निघाले. म्हणून त्यांचे चरित्र ह्या बाजूने तुमच्यापुढे मांडावे असे मनात आले.

त्यांचा जन्म १८१७ साली दिल्लीस झाला. मोगल बादशाही तोवर लाल किल्ल्याच्या भिंतींच्या आत आक्रसली होती. सत्ता कंपनी सरकारची होती. वडील मीर मुत्तकी हे नक्शबंदी पंथाच्या खानकाहशी बांधलेले, काहीसे विरक्त गृहस्थ. घराचा खरा आधार आईचे माहेर. आजोबा ख्वाजा फरीदुद्दीन अहमद हे गणिताचे व ज्योतिर्विद्येचे जाणकार. कलकत्त्याच्या मदरशाचा कारभार पाहून, कंपनीच्या वतीने इराणला जाऊन आलेले आणि पुढे काही काळ बादशहा अकबरशहा दुसरा याचे वजीर. मामा झैनुल आबिदीन खान यांनाही गणिताचा आणि वेध घेण्याच्या यंत्रांचा नाद होता. छोट्या सय्यदने भूमिती आणि ह्या यंत्रांचा उपयोग मामांकडूनच शिकून घेतला. कोन मोजावा, आकडा मांडावा, तो पुन्हा तपासून पाहावा, ही सवय हाताला लागली ती अशी घरच्या घरी.

आई अझीझुन्निसा बेगम यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. अत्यंत धर्मनिष्ठ बाई. परंतु नवस, गंडे-दोरे, ताईत, मुहूर्त यांवर त्यांचा भरवसा नव्हता. मागायचे ते अल्लाकडे मागावे, मध्ये दोरा कशाला, असा त्यांचा साधा हिशेब. ज्या काळी दिल्लीच्या शरीफ घराण्यांतून मुलाच्या गळ्यात चार ताईत असल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर पाठवीत नसत, त्या काळची ही गोष्ट आहे. मुलाच्या पुढील बंडखोरीचे मूळ पुष्कळ लोक लंडनमध्ये शोधतात. मला ते दिल्लीच्या ह्या जनानखान्यात दिसते.

१८३८ साली वडील वारले. घरात तंगी आली. नातेवाइकांना न आवडणारी गोष्ट सय्यदने केली. कंपनी सरकारच्या कचेरीत नोकरी धरली. प्रथम कारकुनी, मग १८४१ साली मैनपुरीस मुन्सफ, तेथून फत्तेपूर सिक्री. १८४५ साली थोरला भाऊ गेला. आईजवळ असावे म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी दिल्लीस बदली करून घेतली. तिशीच्या घरातला हा न्यायाधीश नोकरी सांभाळून पुन्हा विद्यार्थी झाला आणि हदीस, फिक्ह, अरबी साहित्य वाचू लागला. आणि सुटीच्या दिवशी दिल्लीच्या पडक्या इमारती मोजू लागला.

ह्या मोजणीचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. कुतुबमिनारावरील उंच ठिकाणचे शिलालेख खालून वाचता येत नसत. तेव्हा सर सय्यद यांनी दोन लांब वासे उभारून त्यांच्या मध्ये शिंके टांगले, त्यात स्वतः बसले आणि अधांतरी लोंबकळत अक्षर न् अक्षर उतरवून घेतले. खाली उभे असलेले त्यांचे विद्वान मित्र इमाम बख्श सहबाई यांचा चेहरा भीतीने उतरून जाई. कोणी तरी सांगितलेला, कोणत्या तरी जुन्या पोथीत आलेला मजकूर ह्या माणसाला चालत नव्हता. दगडावर काय कोरले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. ह्या श्रमातून १८४७ साली ‘आसारुस्सनादीद’ हा दिल्लीच्या वास्तूंवरील ग्रंथ निघाला. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी पहिल्या आवृत्तीतली नटवी भाषा काढून टाकली आणि मजकूर पुन्हा तपासून सरळ उर्दूत मांडला. पुढे त्याचे फ्रेंच भाषांतर झाले आणि १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्मान्य सभासद करून घेतले. दिल्लीतल्या कित्येक इमारती १८५७ नंतर जमीनदोस्त झाल्या; त्यांची माहिती आज ह्याच ग्रंथात सापडते.

आता गंमत पाहा. दगडाचा पुरावा मागणारा हाच मनुष्य, त्याच दिल्लीत, १८४८ साली एक छोटी पुस्तिका लिहितो, आणि तिचा विषय काय, तर पृथ्वी फिरत नाही! पृथ्वीच्या गतीचे खंडन करणारी ती पुस्तिका जुन्या ग्रीक-अरबी ज्योतिषाच्या आधाराने लिहिलेली होती. इमारतीच्या बाबतीत शिंक्यात बसणारा माणूस आकाशाच्या बाबतीत मात्र पुस्तकावर विसंबून होता. पुढे त्यांनी हे मत सोडले आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मान्य केले. आपल्याकडे थोर पुरुषांच्या चरित्रांतून असे भाग गाळण्याची पद्धत आहे. मला तो गाळावासा वाटला नाही. जो माणूस स्वतः एकदा जुन्या मतासाठी लेखणी झिजवून मग त्या मतातून बाहेर पडतो, त्याला बाहेर पडण्याची वाट कशी असते हे ठाऊक असते. जन्मतःच सुधारक असलेल्याला ते कळत नाही.

ह्याच सुमारास मिर्झा गालिब यांनीही त्यांना एक चिमटा काढला. सर सय्यद यांनी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’ची शुद्ध प्रत तयार केली आणि गालिबकडे प्रस्तावनेदाखल काही ओळी मागितल्या. गालिबने फारसी पद्यात लिहून पाठविले, पण त्याचा आशय असा की जुन्या राज्याच्या कायद्यांत काय ठेवले आहे, साहेबांची वाफेची यंत्रे पाहा. सर सय्यद नाराज झाले आणि त्यांनी ते पद्य छापले नाही. पण पुढे दहा वर्षांत ते नेमके गालिबने दाखविलेल्या दिशेला वळले.

मध्ये १८५७ साल आले. सर सय्यद तेव्हा बिजनौरला सदर अमीन होते. तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचविले; इकडे दिल्लीत इंग्रजी फौजेच्या हातून त्यांचे जवळचे नातलग मारले गेले. आई नोकराच्या खोपटात लपून, घोड्याच्या दाण्यावर दिवस काढीत होती. मुलाने तिला शोधून मीरतला नेले; तेथे त्याच वर्षी ती वारली. सरकारने बक्षिसादाखल एका बंडखोर घराण्याची जप्त जहागीर देऊ केली, ती त्यांनी नाकारली. देश सोडून इजिप्तला निघून जावे असेही मनात आले होते. गेले नाहीत. उलट, लष्करी कायद्याचे दिवस सरले नव्हते तोच त्यांनी बंडाची कारणे सांगणारा ग्रंथ लिहिला, आणि दोषाचा मोठा वाटा सरकारच्या पदरात घातला. कायदे करणाऱ्या मंडळात एकही हिंदी माणूस नव्हता, मग रयतेच्या मनात काय आहे हे सरकारला कळणार कोठून, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ह्या ग्रंथाची पद्धत पाहा: कट झाला असे सगळे म्हणत होते, सर सय्यद विचारीत होते की कटाचा पुरावा कोठे आहे.

त्यानंतरची त्यांची कामे भराभर सांगतो. गाझीपूरला १८६४ साली सायंटिफिक सोसायटी. ती पुढे त्यांच्याबरोबर अलिगढला आली. हिंदू, मुसलमान, इंग्रज तिघेही सभासद. इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे हे तिचे काम, आणि त्यांत एल्फिन्स्टनचा हिंदुस्थानचा इतिहासही होता. हा एल्फिन्स्टन म्हणजे ज्याच्या नावाचे कॉलेज मुंबईत आहे तोच. १८६६ पासून सोसायटीचे पत्र निघू लागले. ह्याच वर्षांत त्यांनी एका मुसलमानाने तोवर सहसा हाती न घेतलेले काम आरंभिले, ते म्हणजे बायबलवरील भाष्य. दुसऱ्याच्या धर्मग्रंथाला न वाचता खोटे म्हणणे त्यांना पटत नव्हते.

आणि मग सर विल्यम म्यूर यांचे पुस्तक आले.

वाचकहो, येथे जरा थांबावे लागेल. म्यूर यांनी पैगंबर साहेबांचे (स.) चार खंडांचे चरित्र लिहिले होते. गृहस्थ विद्वान, अरबी जाणणारे. पण मिशनऱ्यांचे पक्षपाती. पुस्तकात पैगंबरांच्या चारित्र्यावर जे शिंतोडे होते ते वाचून सर सय्यद यांची झोप उडाली. आता एक मुसलमान म्हणून त्यांना तीन मार्ग मोकळे होते. संतापून गप्प बसणे, संतापून शिव्या देणे, किंवा म्यूर यांनी जी साधने वापरली ती स्वतः काढून पाहणे. त्यांनी तिसरा मार्ग धरला. त्यासाठी लागणारे ग्रंथ हिंदुस्थानात नव्हते, लंडनमध्ये होते. मुलगा सय्यद महमूद याला शिक्षणासाठी विलायतेला जायचे होतेच. १८६९ च्या एप्रिलमध्ये, बावन्नाव्या वर्षाकडे झुकलेला हा न्यायाधीश दोन मुलांना घेऊन मुंबईहून आगबोटीत चढला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे म्यूर साहेब त्या वेळी वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, आणि सर सय्यद त्याच प्रांतात बनारसला सरकारी न्यायाधीश. म्हणजे स्वतःच्या प्रांताधिपतीच्या पुस्तकाचे खंडन करायला हा मनुष्य रजा काढून निघाला होता!

लंडनमध्ये त्यांनी सतरा महिने काढले. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, घरी येऊन रात्री लेखन. छपाईला पैसे पुरेनात. मित्र मेहदी अली, जे पुढे मोहसिनुल मुल्क म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांना पत्र गेले की कर्ज काढा, माझे सामान विका, घरातली तांब्याची भांडी विकावी लागली तरी विका. १८७० साली बारा निबंधांचे ते पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात त्यांचा मुख्य प्रश्न असा की म्यूर यांनी ज्या कथनांवर इमारत उभी केली ती कथने कोणाची? वाकिदीसारख्या ज्या इतिहासकारावर त्यांचा भार होता, त्याला खुद्द हदीसशास्त्राचे जाणते विश्वासार्ह मानीत नाहीत. साक्षीदाराची पत तपासल्याशिवाय साक्ष ग्राह्य धरता येत नाही, हे कोणताही मुन्सफ सांगेल.

परंतु, मित्रहो, हे हत्यार दुधारी होते, आणि सर सय्यद यांना ते कळले. म्यूर यांनी कच्च्या कथनांवर टीका उभारली ती चूक, तर मग आपले वायज त्याच कच्च्या कथनांवर चमत्कारांच्या गोष्टी रंगवून सांगतात ते बरोबर कसे? ख्रिस्ती पंडिताला लावलेली कसोटी मौलवीला लावायची नाही, हा न्याय कोठला? लंडनहून परत येताना त्यांच्या मनाने ही कसोटी घरात आणण्याचे ठरविले होते.

२४ डिसेंबर १८७० रोजी ‘तहजीबुल अखलाक’ ह्या मासिकाचा पहिला अंक निघाला आणि उत्तर हिंदुस्थानात गदारोळ उडाला. सर सय्यद यांचे म्हणणे थोडक्यात असे. ही सृष्टी खुदाची कृती आहे आणि कुराण हे खुदाचे वचन आहे. दोन्ही एकाच मालकाची. मग त्या दोहोंत विरोध असूच शकत नाही. सृष्टीचे जे नियम निरीक्षणाने निर्विवाद सिद्ध झाले आहेत, त्यांच्याशी कुराणाच्या एखाद्या आयतीचा मेळ बसत नाही असे वाटले, तर दोष आयतीचा नाही. आपण लावलेल्या अर्थाचा आहे. सृष्टिनियम म्हणजे खुदाने दिलेला शब्द. तो आपला शब्द मोडीत नाही. हदीसबाबतही त्यांनी हेच धोरण ठेवले. जुन्या हदीसकारांनी सांगणाऱ्यांची परंपरा कसोशीने तपासली, परंतु सांगितलेली गोष्ट स्वतः संभवनीय आहे की नाही हे पाहण्याचे काम आपल्यावर सोडले, असे ते म्हणत. शिवाय पैगंबर साहेबांचे (स.) धर्मविषयक आदेश वेगळे आणि दैनंदिन व्यवहारातले बोलणे वेगळे, हा भेद त्यांनी आग्रहाने मांडला. जाणकारांना येथे खजुरीच्या फुलोऱ्याची हदीस आठवेल.

१८८० पासून त्यांच्या कुराणभाष्याचे खंड निघू लागले. त्यात मेराज हा आत्मिक साक्षात्कार, स्वप्नातला अनुभव ठरला. फरिश्ते म्हणजे सृष्टीत खुदाने ठेवलेल्या शक्ती, जिन्न म्हणजे रानावनातले लोक, हजरत मूसा (अ.) यांना वाट मिळाली ती समुद्राच्या ओहोटीमुळे. एकाहून अधिक बायका करण्यास न्यायाची जी अट आहे ती माणसाच्या हातून सहसा पुरी होणारी नाही, म्हणून एकच विवाह हाच नियम. (स्वतः ते चव्वेचाळीस वर्षांचे असताना विधुर झाले, पुन्हा लग्न केले नाही.) गुलामगिरीस कुराणाचा आधार नाही. सरकारी रोख्यांवरचे व्याज म्हणजे कुराणाने हराम ठरविलेली सावकारी पिळवणूक नव्हे.

ह्यांतले काही वाचून तुम्हांला बरे वाटले असेल, काही वाचून भुवया उंचावल्या असतील. मलाही त्यांचे सर्व पटत नाही. जिन्नांचा त्यांनी केलेला उलगडा अरबी भाषेला फार ताण देऊन केलेला आहे. एकोणिसाव्या शतकातील विज्ञान हे कायमचे, शेवटचे विज्ञान आहे असे समजून त्यांनी काही आयतींना त्याच्या मापाचा अंगरखा शिवला, आणि विज्ञान पुढे सरकल्यावर तो अंगरखा तोकडा पडला. हे त्यांच्या जवळच्या मित्रालाही जाणवले होते. मोहसिनुल मुल्क यांनी ह्या भाष्यावर परखड पत्रे लिहिली. सर सय्यद यांनी उत्तरे लिहिली, भाष्याची पंधरा तत्त्वे मांडली आणि १८९२ साली हा पत्रव्यवहार छापून टाकला. आपल्यावरील टीका आपणच छापणारे धर्मसुधारक तुम्ही किती पाहिले आहेत? मला त्यांच्या एखाद्या निष्कर्षापेक्षा हे अधिक मोलाचे वाटते. निष्कर्ष चुकतात, पण चूक उघडी पाडण्याचे दार त्यांनी लावून घेतले नव्हते.

बाहेरचे लोक मात्र पत्रे लिहून थांबले नाहीत. निसर्गाचे नाव सतत घेतो म्हणून त्यांना ‘नेचरी’ हे नाव पडले आणि ती शिवी झाली. कानपूरच्या मौलवी इमदाद अली यांनी गावोगावच्या उलेमांच्या सह्यांनी कुफ्रचे फतवे जमविले. मौलवी अली बख्श खान यांनी थेट मक्का-मदिना गाठून तेथून फतवे आणले. आश्चर्य असे की हे दोघेही इंग्रज सरकारचे पगारी अधिकारी होते! अली बख्श हजहून परतल्यावर सर सय्यद यांनी लिहिले की आमच्या कुफ्रची करामत पाहा, तिने एकाला हाजी करून सोडले. जीवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती, त्या दिवसांतला हा विनोद. सय्यद जमालुद्दीन अफगाणी हैदराबादेत मुक्कामाला असताना त्यांनीही नेचरी मताविरुद्ध पुस्तक लिहिले. त्यांचा राग अर्थात इंग्रजांशी जुळवून घेण्याच्या धोरणावर जास्त होता.

आता मी तुम्हांला त्या प्रसंगाकडे नेतो, ज्यासाठी हा सारा प्रपंच केला. अलिगढची शाळा २४ मे १८७५ रोजी सुरू झाली. कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते झाली. ह्यासाठी सर सय्यद दारोदार फिरले, सोडत काढली, पुस्तकांचे दुकान मांडून बसले, म्हातारपणी रंगमंचावर उभे राहून गझला म्हटल्या. हिंदू राजेरजवाड्यांनी देणग्या दिल्या. हैदराबादच्या निजाम सरकारने अनुदान बांधून दिले. त्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. परंतु सर्वसाधारण मुसलमान आईबाप म्हणू लागले की ह्या नेचरी माणसाच्या हाती आम्ही मुले देणार नाही. तेव्हा सर सय्यद यांनी जाहीर करून टाकले की कॉलेजातील धर्मशिक्षणाशी आपला काहीही संबंध राहणार नाही. सुन्नी मुलांना सुन्नी उलेमांच्या मताप्रमाणे आणि शिया मुलांना शिया उलेमांच्या मताप्रमाणे धर्म शिकविला जाईल. आपली मते कॉलेजात शिकविली जाणार नाहीत. आणि हा शब्द त्यांनी मरेपर्यंत पाळला.

विचार करा. ज्या विचारासाठी माणसाने कुफ्रचे फतवे अंगावर घेतले, घरची भांडी विकायला काढली, तोच विचार त्याने स्वतः काढलेल्या कॉलेजच्या दारात उतरवून ठेवला. तुम्ही आणि मी शिक्षणसंस्थेची माणसे आहोत. मुलींना प्रयोगशाळेत पाठवावे की नाही, शाळेत एखादा विषय शिकवावा की नाही, अशा प्रश्नांवर पालकांच्या नाराजीचे आणि वर्गणीचे गणित आपणही मांडले आहे. सर सय्यद यांनी केले ते शहाणपण होते की माघार? मी पुष्कळ दिवस ह्यावर विचार केला. मुले वर्गात आली पाहिजेत, ती आलीच नाहीत तर त्यांना काहीच शिकविता येणार नाही, हा त्यांचा हिशेब मला चूक म्हणवत नाही. परंतु त्याची किंमत पडली. अलिगढमधून वकील, मुन्सफ, डेप्युटी कलेक्टर मुबलक निघाले. सर सय्यद यांच्या पद्धतीने धर्माची साधने तपासणारे विद्वान फार थोडे निघाले. विज्ञानाच्या तासाला पुरावा मागायचा आणि धर्माच्या तासाला पाठांतर करायचे, अशा दोन खोल्या एकाच डोक्यात बांधण्याची सवय त्या तडजोडीने लागली, आणि ती सवय आपल्या शाळांतून अजून गेलेली नाही.

ह्या भागातली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. देवबंदच्या दारुल उलूमचे संस्थापक मौलाना मुहंमद कासिम नानौतवी आणि सर सय्यद हे वैचारिकदृष्ट्या दोन टोके. सर सय्यद यांच्या तत्त्वांना नानौतवी यांनी लेखी उत्तर दिले होते, पण ते मुद्द्याला धरून आणि अदब राखून. १८८० साली नानौतवी वारले तेव्हा सर सय्यद यांनी आपल्या पत्रात त्यांच्यावर मनापासून मृत्युलेख लिहिला आणि त्यांच्या निःस्वार्थीपणाची साक्ष दिली. पुढे अलिगढ कॉलेजात सुन्नी धर्मशिक्षणाचे प्रमुख म्हणून आले ते मौलाना अब्दुल्ला अन्सारी, म्हणजे खुद्द नानौतवी यांचे जावई. मतभेद आणि वैर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या पिढीला आपल्यापेक्षा अधिक कळत होते.

सर सय्यद यांच्या इतर मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलींच्या शिक्षणाची वेळ अजून आली नाही, आधी मुलगे शिकू देत, असे ते म्हणत राहिले. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढेही त्यांनी हेच सांगितले. त्याच आयोगापुढे त्याच वर्षी पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी तळागाळातल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. दोन निवेदने शेजारी ठेवून वाचली तर सर सय्यद यांची नजर शरीफ घराण्यांपलीकडे फारशी जात नव्हती हे स्पष्ट दिसते. राजकारणातही त्यांनी काँग्रेसला विरोध केला आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष, मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, यांच्याशी त्यांचा कडाक्याचा पत्रव्यवहार झाला. मला ह्या वादात तय्यबजींची बाजू उजवी वाटते. तरी पण सर सय्यद यांनी १८८६ साली स्थापिलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अधिवेशन त्यांच्या पश्चात १९०३ मध्ये मुंबईस भरले, तेव्हा अध्यक्षपदी तय्यबजीच होते. अंजुमन-ए-इस्लामचे हे धुरीण राजकारणातला राग शिक्षणाच्या कामात आणीत नसत.

शेवटची वर्षे दुःखाची गेली. विश्वासातल्या कारकुनाने कॉलेजच्या लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे १८९५ साली उघडकीस आले. मुलगा सय्यद महमूद, अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायमूर्ती झालेला बुद्धिमान कायदेपंडित, व्यसनाच्या आहारी गेला आणि त्याच्या घरात राहणे म्हाताऱ्याला अशक्य झाले. अखेरचे दिवस त्यांनी एका मित्राच्या बंगल्यात काढले. कुराणभाष्य अपुरे राहिले होते. त्यातच पैगंबर साहेबांच्या (स.) पत्नींविषयी निंदाजनक मजकूर असलेले एका ख्रिस्ती लेखकाचे पुस्तक हाती आले. वय ऐंशी. सर सय्यद यांनी जुने ग्रंथ पुन्हा काढले, कथने पुन्हा तपासायला घेतली आणि उत्तर लिहू लागले. ते लिखाण अर्धे असतानाच २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. कफनापुरतेही पैसे जवळ नव्हते, ते मोहसिनुल मुल्क यांनी दिले असे सांगतात. कॉलेजच्या मशिदीच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले.